खासगी पत्राची साक्ष : ड्युरँड, होळकर आणि १ जुलै १८५७

सरकारी कागद वाचताना आपण सावध असतो. त्यातील 'मेहेरबान', 'आज्ञाधारक', 'दोस्तीचा सिलसिला' हे शब्द आपण पारखून घेतो आणि लिहिणाऱ्याचा खरा हेतू काय असावा याचा तर्क मनाशी करू लागतो. परंतु तोच मनुष्य आपल्या आप्ताला किंवा जिवलग स्नेह्याला लिहीत आहे असे कळताच ही सावधगिरी गळून पडते. देवस्थानांच्या कारभाराविषयीचे वाद ज्यांनी कोर्टात पाहिले आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. सभेचे ठराव, हिशेबाच्या वह्या, उत्सवाच्या खर्चाच्या पावत्या तासन्‌तास वाचल्या जातात आणि ऐकणारे जांभया देतात. मग कोणा जुन्या विश्वस्ताच्या पेटीतून निघालेले, त्याने आपल्या चुलत्याला लिहिलेले एक पिवळे पत्र पुढे येते आणि सगळ्यांच्या माना एकदम वर होतात. 'हा मनुष्य घरी खोटे कशाला लिहील?' हा प्रश्न कोणी उघड विचारीत नाही, पण निकाल पुष्कळदा त्या प्रश्नावरच ठरलेला असतो.

सर हेन्री मॅरियन ड्युरँड यांचे चरित्र वाचताना हा विचार वारंवार मनात येतो. हे चरित्र १८८३ साली लंडन येथे दोन खंडांत प्रसिद्ध झाले. लेखक ड्युरँड यांचेच चिरंजीव हेन्री मॉर्टिमर ड्युरँड. अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर १८९३ साली आखलेल्या रेषेला ज्यांचे नाव आहे, ते हेच. भोपाळकडील वाचकांना यात आणखी एक गोष्ट गमतीची वाटेल : या मॉर्टिमरसाहेबांचा जन्म १८५० साली आपल्या सीहोरचा. मंडीदीपहून भोपाळ ओलांडून पश्चिमेस गेले की दीड-दोन तासांत लागणारे हे गाव त्या काळी भोपाळ संस्थानाकडील इंग्रज पोलिटिकल एजंटाचे ठाणे होते. पित्याच्या जीवनातील ज्या दिवसांविषयी पुत्राने एवढ्या पोटतिडकीने लिहिले, त्या दिवसांचा बराच भाग याच परिसरात गेला. चरित्रात खासगी पत्रे आहेत, टिपणे आहेत, पुत्राचा युक्तिवाद आहे; आणि या साऱ्याचा रोख एका मराठी राजावर आहे. इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर हे ते राजे. म्हणून हे पुस्तक म्हणजे कोणा परक्या घराण्याचा कौटुंबिक मामला आहे असे समजून बाजूस ठेवता येत नाही.

प्रसंग थोडक्यात असा. १८५७ च्या वसंतात मध्य हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरलचे एजंट सर रॉबर्ट हॅमिल्टन रजेवर विलायतेस गेले होते आणि त्यांच्या जागी ड्युरँड हंगामी काम पाहत होते. त्यांचे वय चव्वेचाळीस, तुकोजीरावांचे बावीस. मीरतचे वर्तमान आल्यावर इंदूरच्या रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी ड्युरँड यांनी होळकरांकडेच फौज मागितली, होळकरांनी दिली, आणि तिच्यासोबत तीन तोफाही दिल्या. १ जुलैच्या सकाळी त्याच तोफा रेसिडेन्सीवर सुटल्या. होळकरांच्या घोडदळातील सादत खान हा अधिकारी 'महाराजांचा हुकूम आहे' असे ओरडत शिपायांना चिथावीत होता, असे साक्षीदार सांगतात. कर्नल ट्रॅव्हर्स यांनी मोजक्या स्वारांनिशी तोफांवर हल्ला चढविला. बाकीचे त्यांच्या मागून गेले नाहीत. सुमारे दोन तासांनी ड्युरँड बायकामुले व उरलेली माणसे घेऊन रेसिडेन्सीतून बाहेर पडले आणि आष्ट्यावरून ४ जुलै रोजी सीहोरला पोचले. तेथेही त्यांचे राहणे धोक्याचे होते. भोपाळच्या सिकंदर बेगमेने ते सूचित केले, आणि लौकरच ते दक्षिणेस उतरून नर्मदेकाठी होशंगाबादला गेले. ज्यांना निघता आले नाही असे अनेक युरोपियन आणि ख्रिस्ती लोक त्या दिवशी इंदुरात मारले गेले.

आता त्या सकाळची एक चिठ्ठी पाहू. तोफा सुटताच ड्युरँड यांनी महूच्या छावणीतील कर्नल प्लॅट यांना दोन वाक्ये लिहून पाठविली. पहिल्यात गोरा तोफखाना ताबडतोब पाठवा अशी मागणी आहे. दुसऱ्यात हल्ला कोणी केला ते सांगितले आहे, आणि ते नाव आहे 'होळकर'. पुढची तीस वर्षे ज्यावर शाई खर्ची पडली त्या साऱ्या वादाचे बीज या एका शब्दात आहे.

हा शब्द नीट वाचला पाहिजे, आणि तो वाचण्यास मराठी वाचक इंग्रज वाचकापेक्षा अधिक समर्थ आहे असे मला वाटते. आपल्या बखरींत आणि जुन्या पत्रांत 'होळकर नर्मदा उतरले', 'शिंदे चालून आले' असे शेकडो वेळा येते. तेथे 'होळकर' म्हणजे मल्हारराव किंवा यशवंतराव स्वतःच असतील असे नाही. होळकरांचे निशाण ज्या फौजेवर आहे ती फौज, एवढाच अर्थ बहुधा असतो. हिंदुस्थानात वावरलेल्या इंग्रज मुत्सद्द्यांनी हीच बोली उचलली होती. तेव्हा त्या सकाळी, कानावर तोफा वाजत असताना, ड्युरँड यांनी 'होळकर' लिहिले ते फौज या अर्थी की महाराज या अर्थी? माझ्या मते त्या क्षणी त्यांच्या मनात हा भेदच नव्हता. घाईत मनुष्य जो शब्द हाताशी असेल तो वापरतो. ती चिठ्ठी खरी आहे, प्रामाणिक आहे, आणि तिचा अर्थ संदिग्ध आहे. चरित्रात मात्र तिची संदिग्धता नाहीशी झाली आहे. पुढल्या पत्रांतून आणि टिपणांतून तो शब्द सावकाश एका माणसावर, बावीस वर्षांच्या एका राजावर, येऊन स्थिरावतो. आणि मग मागे वळून असे दाखविले जाते की पहिल्या क्षणापासून एजंटाला सत्य ठाऊक होते.

वकिलाला येथे थांबावे लागते. १८७२ चा साक्षीपुराव्याचा कायदा घ्या किंवा १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणारा भारतीय साक्ष्य अधिनियम घ्या, दोहोंत एक भेद कायम आहे. घटनेच्या ओघात, तिचाच भाग म्हणून उच्चारलेले शब्द पुराव्यात येऊ शकतात. परंतु मनुष्याने मागाहून स्वतःच्या सोयीचे जे लिहून ठेवले, ते त्याच्याच बाजूने पुरावा म्हणून पुढे करण्यास कायदा सहसा मुभा देत नाही. कारण उघड आहे : तशी मुभा दिली तर ज्याची दौत मोठी त्याचाच दावा खरा ठरेल. महूला गेलेली चिठ्ठी पहिल्या प्रकारात बसते, पण तिने एवढेच सिद्ध होते की ड्युरँड यांना तसे वाटले. नंतरची पत्रे दुसऱ्या प्रकारातील आहेत.

आणि ड्युरँड यांना या प्रश्नात स्वतःचा असा हितसंबंध होता, ही गोष्ट चरित्र वाचताना क्षणभरही विसरता कामा नये. महूची छावणी इंदूरपासून काही कोसांवर. सीहोर त्याच्या कितीतरी पट दूर. मग ते महूस का गेले नाहीत? त्यांचे उत्तर असे की सोबतची भोपाळ पलटणीची माणसे आपल्या सीहोरच्या घराकडेच वळणारी होती, त्यांना महूकडे नेणे शक्य नव्हते. उत्तर मुळीच टाकाऊ नाही. पण बारकाईने पाहा. हल्ला जर स्वतः होळकर राजाने, साऱ्या संस्थानाच्या बळानिशी केला असेल, तर मूठभर माणसांनिशी माघार घेणे शहाणपणाचे ठरते. हल्ला जर बिघडलेल्या पलटणीचा असेल आणि राजाच राजवाड्यात हतबल बसला असेल, तर 'दोन तासांत रेसिडेन्सी का सोडली?' हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे राजाचा अपराध जितका मोठा, तितकी एजंटाची माघार निर्दोष. हे ड्युरँड यांनी जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. ते ताठ, करारी आणि आपल्या समजुतीप्रमाणे सचोटीचे होते. १८३९ साली गझनीच्या दरवाज्याला सुरुंग लावणाऱ्या तुकडीत ते होते, तेव्हा भित्रेपणाचा आरोप त्यांच्यावर शोभत नाही. पण सचोटीच्या माणसाचे मनही आपल्या सोयीच्या बाजूला कलते, आणि त्याला तो कल दिसत नाही. लबाडाला निदान तो दिसतो.

साहित्य म्हणून या पुस्तकाचे मोल कशात आहे हेही सांगितले पाहिजे. राजकारणाची पाने रुक्ष आहेत. पुत्राचा युक्तिवाद तर काही ठिकाणी कैफियतीसारखा वाटतो. परंतु पळतीचे वर्णन ज्या ठिकाणी येते तेथे पुस्तकाला जीव येतो. ड्युरँड यांच्या पत्नी त्या पळतीत त्यांच्यासोबत होत्या. भर पावसाळ्याच्या तोंडावर माळव्याच्या काळ्या चिखलातून तो प्रवास झाला, आणि त्याच वर्षी महू येथे त्या वारल्या. या दुःखापुढे वाचकाने नम्र व्हावे हे योग्यच. मात्र पुस्तकाची खरी अडचणही येथेच आहे. पत्नीच्या मृत्यूने पतीच्या शब्दांना जे वजन येते, ते वजन नकळत होळकरांविषयीच्या शब्दांनाही लाभते. जो एवढा सोसतो तो खोटे बोलत नसेल, असे वाचक मनाशी म्हणतो. तो खोटे बोलत नाहीच. पण राजवाड्यात काय चालले होते याचे ज्ञान दुःखामुळे कोणाला होत नाही.

राजवाड्याची बाजू काय होती? हल्ल्यानंतर तुकोजीरावांनी ड्युरँड यांना लिहिले, महूच्या किल्ल्यात तग धरून राहिलेल्या कॅप्टन हंगरफोर्डला लिहिले, मुंबईच्या गव्हर्नराला लिहिले. खेद दाखविला, निष्ठा दाखविली, फौज लौकर पाठवावी अशी विनंती केली. आश्रयाला आलेले ख्रिस्ती लोक बंडवाल्यांच्या स्वाधीन करण्यास त्यांनी समक्ष नकार दिला. हंगरफोर्डचा या राजावर विश्वास बसला. ड्युरँड यांचा बसला नाही. आणि त्याचे एक कारण, मला वाटते, या दोन प्रकारच्या लेखनाच्या घडणीतच आहे. संस्थानिकाचा खलिता ठराविक साच्याचा. त्यात मायना आहे, अलंकार आहेत, 'दोस्ती' आहे. विलायती वाचकाला तो आरंभापासूनच दांभिक वाटतो. शेजारी एजंटाचे सरळ, तुटक, रागाने धगधगणारे पत्र ठेवले की कोणते खरे वाटेल ते सांगावयास नको. परंतु साचा म्हणजे दंभ नव्हे. आपल्याच घरांत पाहा : पिढ्यान्‌पिढ्या आपण बोललो कोंकणीत आणि पत्रे लिहिली मराठीत. आजोबांचे पत्र 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' येथून सुरू होऊन 'कळावे, लोभ असावा' येथे संपे, मध्ये घरातील मृत्यूची वार्ता असली तरी. त्या मायन्यावरून आजोबांना दुःख नव्हते असे अनुमान कोणी काढील काय? पुणे दरबाराचे वकील दिल्लीहून, हैदराबादेहून जी पत्रे पाठवीत त्यांतही औपचारिक मायन्याखालीच सगळी खळबळ दडलेली असे, आणि ती कशी वाचावी हे पुण्यात कळत असे. कलकत्त्यात ते कळले नाही.

असो. ड्युरँड यांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा टाळून जाणे न्यायाचे होणार नाही. दोन तास तोफा चालल्या. राजवाड्यात आवाज पोचत होता. महाराजांचा एकही माणूस, एकही चिठ्ठी रेसिडेन्सीकडे आली नाही. निष्ठावंत राजाने निदान एक स्वार पाठविला नसता काय? हा प्रश्न चरित्रात पुनःपुन्हा येतो आणि तो बोचतो. माझे उत्तर असे की मौन हा दुधारी पुरावा आहे. ज्याने कट रचला तो गप्प बसेल हे खरे; पण ज्याच्या हातून आपली फौज अकस्मात निसटली आहे, ज्याला राजवाड्याच्या चौकातील पहारेकरी आपले की परके हे उमगत नाही, असा बावीस वर्षांचा मुलगाही गप्प बसेल. वाट पाहणे हा दोष आहे, आणि तुकोजीराव त्या सकाळी वाट पाहत होते असे मलाही वाटते. तरी वाट पाहणे आणि हल्ला करणे यांत जे अंतर आहे ते ड्युरँड यांच्या लेखनात उरत नाही, हा माझा आक्षेप आहे.

शेजारच्या भोपाळकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. ऑगस्ट १८५७ मध्ये सीहोरलाच भोपाळ पलटण उठली आणि तेथे 'सिपाही बहादूर' सरकारची द्वाही फिरली. बेगमेच्या मुलखात हे घडले; पण 'भोपाळने हल्ला केला' असे कोणी लिहिले नाही. ती पलटण इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची होती हा फरक मान्य करूनही एक गोष्ट राहते. बेगम स्वतः बोलली, सल्ला दिला, मदत केली. म्हणून तिच्या प्रदेशातील बंड तिचे ठरले नाही. १८६० साली तिला बेरसियाचा परगणा मिळाला. शिंद्यांनाही प्रदेश मिळाला. होळकरांना १८६१ साली बिरुद मिळाले, बक्षीस म्हणून प्रदेश मिळाला नाही. ज्या घराण्यातील अहल्याबाईंनी काशी-विश्वेश्वर, सोमनाथ आणि गयेचे विष्णुपद येथे देवालये उभारली, त्या घराण्याच्या वारसाला जमिनीपेक्षा कलंकाची खंत अधिक असावी; रीतसर निर्दोषत्वाचा दाखला मिळावा म्हणून तुकोजीरावांनी पुढे वर्षानुवर्षे खटपट केली. सर रॉबर्ट हॅमिल्टन परत येऊन त्यांच्या बाजूने उभे राहिले. परंतु १८६१ ते १८६५ पर्यंत कलकत्त्यास परराष्ट्र खात्याचे सचिव कोण होते? ड्युरँड. त्यानंतर ते गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलातही बसले. ज्या दप्तरात तक्रार जावयाची त्या दप्तराच्या प्रमुखानेच मूळ आरोप केलेला. आमच्या धंद्यात अशा न्यायाधीशाने प्रकरण दुसऱ्याकडे सोपवावे अशी रीत आहे.

ड्युरँड १८७१ च्या १ जानेवारीला वारले. नंतर वाद पुस्तकांत शिरला. सर जॉन के यांनी १८७६ च्या आपल्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात माघारीवर टीका केली, आणि त्याच वर्षी मॉर्टिमर यांनी पित्याच्या बचावाची पुस्तिका काढली. जॉन डिकिन्सन हा होळकरांचा इंग्रज स्नेही. त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर मेजर इव्हान्स बेल यांनी १८७७ साली प्रसिद्ध केले आणि १८८३ च्या चरित्रालाही त्यांनीच उत्तर दिले. ही उत्तरे आज कोणी वाचत नाही. त्यांत मुद्दे चांगले आहेत, पण ते मुद्देच आहेत. त्यांत कोणी चिखलातून चालत नाही, कोणाची पत्नी मरत नाही.

तुकोजीराव राजे होते म्हणून निदान प्राणाला मुकले नाहीत. आठच वर्षांनी, १८६५ साली, जमैका बेटावर मोरंट बे येथे गोरगरीब काळ्या शेतकऱ्यांचा उठाव झाला. तेथील गव्हर्नर एअर यांनी उठावाच्या जागी हजरही नसलेल्या जॉर्ज विल्यम गॉर्डन या विधिमंडळाच्या सभासदाला सूत्रधार ठरविले, लष्करी कायद्याच्या प्रदेशात नेले आणि २३ ऑक्टोबरला फाशी दिले. पुढच्या वर्षी राजाज्ञेने नेमलेल्या आयोगाला त्याच्या कटातील सहभागाचा पुरेसा पुरावा आढळला नाही. भ्यालेल्या अधिकाऱ्याला जमाव समजत नाही. त्याला एक नाव लागते.

चरित्र निघाले त्याच सुमारास, म्हणजे १८८३ च्या आसपास, कोंकणात वरसईचे विष्णुभट गोडसे आपला 'माझा प्रवास' लिहीत होते, हा योग मला नेहमी विलक्षण वाटतो. तेही १८५७ साली महूवरूनच गेले होते, छावणीतल्या शिपायांच्या तोंडूनच त्यांना येणाऱ्या गडबडीचे वर्तमान कळले. दक्षिणेसाठी निघालेला गरीब भिक्षुक तो. त्याला कोणाचा बचाव करावयाचा नव्हता, कोणावर आरोप ठेवावयाचा नव्हता. तपशिलात तो चुकतो, ऐकीव गोष्टी पाहिल्यासारख्या सांगतो. तरी आपण काय पाहिले, काय खाल्ले, कोठे भ्यालो हे तो ज्या निःसंकोचपणे सांगतो तसे ड्युरँड यांना एकदाही जमलेले नाही. त्या पुस्तकाची मात्र छापण्याचीही चोरी : लेखकाच्या हयातीनंतरच ते निघावे असे ठरले, आणि चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली ते फेरफार करून छापले, मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. एजंटाची खासगी पत्रे त्याच्या मुलाने बारा वर्षांत लंडनला छापली. भटजीची वही मूळ रूपात बाहेर यावयास ऐंशीहून अधिक वर्षे लागली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत अशी माझी शिफारस आहे, आणि प्रथम गोडसे वाचावा.

राहता राहिला सादत खान. त्या सकाळी 'महाराजांचा हुकूम' अशी आरोळी कोणाच्या सांगण्यावरून दिली, हे तोच सांगू शकला असता. तो सतरा वर्षे निसटत राहिला. १८७४ साली पकडला गेला आणि त्याच वर्षी इंदूरच्या रेसिडेन्सीत त्याला फाशी देण्यात आले. तुकोजीराव तेव्हा गादीवर होते, आणि ते १८८६ पर्यंत जगले. सादत खानाच्या फाशीनंतर नऊ वर्षांनी मॉर्टिमरसाहेबांनी पित्याचे चरित्र छापले, आणि त्यातही हल्ला करणाराचे नाव तेच राहिले.